हाड कुठून घेणार? मिरजेपासून सुरू होणारी एका दुसऱ्या जखमेची गोष्ट

हेडफोन कानात आहेत ना? मग एक काम करा. जिथे असाल तिथे उभे राहा आणि आजी रागावल्यावर उभी राहते तसे कमरेवर दोन्ही हात ठेवा. अंगठ्याखाली एक टणक कड लागली? आजची गोष्ट त्या कडेची आहे. गेल्या शंभरेक वर्षांत जगभरातल्या सर्जननी या कडेतून इतकं हाड उचललंय की तिला शरीराची बँकच म्हणायला हवं.

मराठीत हाड सगळीकडे आहे. चांगला शिकवणारा तो हाडाचा शिक्षक, कष्टाने हाडाची काडं होतात. आणि सातारा-सांगलीकडे रविवारी मटण शिजलं की ताटातल्या नळीवरून भावंडांत भांडण ठरलेलं. ती नळी आपटून आत जो मऊ ऐवज मिळतो तो मगज, म्हणजेच मज्जा. नळीचा बाहेरचा भाग टणक आणि आत मऊ मगज, एवढं तुम्हाला ठाऊक असेल तर आजच्या विषयाची निम्मी शिकवणी झालीच.

प्रश्न असा आहे. एखाद्याच्या पायाचं हाड मोडलं आणि ते जुळेना, किंवा अपघातात हाडाचा तुकडा रस्त्यावरच राहिला, तर ती जागा भरायची कशाने? आणि ते भरण्याचं सामान आणायचं कुठून?

मिरज का?

ही गोष्ट मिरजेपासून सुरू करायला कारण आहे. मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, तंतुवाद्यं आणि डॉक्टर. पहिल्या गोष्टीवर वेगळा भाग करू. दुसरी सुरू झाली १८९४ साली. कॅनडात जन्मलेले विल्यम जेम्स वानलेस हे डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले आणि पटवर्धनांच्या मिरज संस्थानात त्यांनी हॉस्पिटल उभं केलं. मिरजेला रेल्वे नुकतीच आली होती. त्यामुळे साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून, खाली बेळगावकडून रुग्ण गाडीत बसून मिरजेला येऊ लागले. ‘मिरजेला दाखवा’ हे वाक्य या पट्ट्यात तेव्हापासून चालत आलंय. वानलेसना १९२८ साली ‘सर’ हा किताब मिळाला, १९३३ साली ते वारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं. ही क्षयाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता जरा तारखा बघा. हॉस्पिटल उघडलं १८९४ साली. रोंटगेन यांना एक्स-रेचा शोध लागला १८९५च्या नोव्हेंबरात. म्हणजे हे हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा जगात एकाही डॉक्टरने जिवंत माणसाच्या हाडाचा फोटो पाहिलेला नव्हता. मोडलेलं हाड बोटांनी चाचपायचं, ओढून सरळ करायचं, बांधायचं आणि वाट बघायची. गावातला हाडवैद्यही तेच करायचा, बांबूच्या कामट्या लावून. बऱ्याच जणांची हाडं त्याने जुळायचीही, कारण हाड ही मुळात स्वतःला जोडून घेणारी गोष्ट आहे. पण कामट्या फार आवळल्या गेल्या की रक्त थांबायचं आणि पाय काळा पडायचा. आणि हाडात मोठी फट राहिली असेल तर कितीही छान बांधा, ती भरायची नाही.

कलम

फट भरायची कल्पना तशी जुनी. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात योब फान मेकेरेन या डच सर्जनने एक ऐकलेली हकिकत लिहून ठेवली आहे. एका रशियन सैनिकाच्या कवटीला भोक पडलं होतं, ते कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने बुजवलं. चर्चने सैनिकाला बाहेर काढलं. कुत्र्याचं हाड डोक्यात घेऊन फिरणारा ख्रिस्ती माणूस त्यांना चालेना! बिचारा परत सर्जनकडे गेला, म्हणाला काढून टाका. पण तोपर्यंत ते इतकं चिकटलं होतं की निघेना. खरंखोटं देव जाणे, पण हाडाच्या कलमाच्या इतिहासात ही गोष्ट पहिली सांगतात.

पक्की नोंद मिळते ती ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएन यांची. १८८०च्या सुमारास त्यांच्याकडे एक लहान मुलगा होता. जंतुसंसर्गामुळे त्याच्या दंडाचं हाड जवळजवळ नाहीसं झालं होतं, हात नुसता लोंबत होता. त्याच काळात मॅक्युएन मुडदूस झालेल्या मुलांच्या वाकड्या नडग्या सरळ करायची ऑपरेशनं करत. त्यात हाडाच्या पाचरी कापून काढाव्या लागत. त्या टाकून न देता त्यांनी या मुलाच्या दंडात बसवल्या. हात कामाला लागला. आज इतर मुलांचं हाड वापरायचं तर तपासण्या लागतील, लेखी परवानगी लागेल. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. हाडाच्या कलमाची सुरुवातच अशी ‘कुणाचं हाड, कुणाला?’ या प्रश्नाने झाली आहे.

कलम हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या पोरांना तो समजावून सांगावा लागणार नाही. डॉगरिजचा खुंट लावायचा, मग त्यावर थॉमसनची किंवा सोनाकाची काडी भरायची, पट्टी बांधायची आणि कलम धरतंय का ते बघायचं. हाडाच्या कलमातही तसंच. जागा स्वच्छ हवी, बांधणी हलता कामा नये, आणि खालचा खुंट जिवंत हवा.

पण एक मोठा फरक आहे. द्राक्षाची काडी स्वतः जगते आणि वाढते. हाडाचा तुकडा मात्र बहुतेक वेळा आतून मरतो. मेलेला तुकडा मांडवासारखा उभा राहतो, त्यावरून आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आणि पेशी हळूहळू सरकत येतात, जुनं खातात आणि नवं हाड मांडतात. म्हणून चांगल्या कलमात तीन गोष्टी लागतात. एक, मांडव. दोन, ‘इथे हाड तयार करा’ असा निरोप. तीन, तो निरोप ऐकून कामाला लागणारे मजूर, म्हणजे जिवंत पेशी. निरोपाचा भाग १९६५ साली मार्शल युरिस्ट या अमेरिकन सर्जनने उलगडला. क्षार काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं, तर जिथे हाडाचा संबंधही नाही तिथे नवं हाड तयार होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यातूनच पुढे तो निरोप देणारी प्रथिनं सापडली.

मांडव, निरोप आणि मजूर, तिन्ही एकाच पिशवीत देणारं दुकान एकच आहे. रुग्णाचं स्वतःचं शरीर.

नडगीकडून कमरेकडे

आता वानलेसवाडीचा क्षय आठवा. क्षय फक्त फुप्फुसात होत नाही, तो पाठीच्या मणक्यातही बसतो. मणका पोखरला जातो, पाठीला कुबड येतं, काही जणांचे पायही जातात. औषधं यायच्या आधी यावर उपाय एकच होता, महिनोन्‌महिने उताणं झोपवून ठेवणं. १९११ साली न्यूयॉर्कच्या फ्रेड अल्बी यांनी वेगळा मार्ग काढला. नडगीच्या हाडाची लांब पट्टी कापायची आणि मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये खाच करून ती बसवायची, म्हणजे मणके एकत्र जखडले जातात. पट्टी नेमक्या मापाची यावी म्हणून त्यांनी विजेवर चालणारी करवत वापरली. सुताराचंच काम, पण माणसाच्या हाडावर.

नडगी सोयीची होती. कातडीखाली लगेच लागते, सरळ आहे, मजबूत आहे. पण नडगीवर तर माणूस उभा असतो! पट्टी काढलेली नडगी कधी कधी नंतर तिथेच मोडायची. म्हणजे पाठ वाचवायला गेलो आणि पाय गमावून बसलो.

मग सर्जनांची नजर कमरेच्या कडेवर गेली. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, लंडनमध्ये काम करणाऱ्या रेन्सफर्ड मोलेम या न्यूझीलंडच्या प्लास्टिक सर्जनने कमरेतल्या जाळीदार हाडाचे बारीक तुकडे वापरायची पद्धत मांडली. अखंड पट्टीपेक्षा हे तुकडे लवकर धरतात. साहजिकच आहे. जाळीदार हाडात रक्त लवकर शिरतं आणि पृष्ठभागावरच्या पेशी जगायची शक्यता वाढते. शिवाय कमरेच्या कडेवरून भार सरळ पायाकडे जात नाही. थोडं काढलं तरी माणूस चालू शकतो.

इथून पुढे कमरेचं हाड हेच जगभर सोन्याचं माप ठरलं. आजही नवा कुठलाही पर्याय बाजारात आला की पहिला प्रश्न असतो, कमरेच्या हाडाच्या तोडीचं आहे का?

नेमकं काढतात कसं?

ज्यांना असलं ऐकून गरगरतं त्यांनी एक मिनिट पुढे ढकला.

पुढच्या बाजूने काढायचं तर कमरेच्या कडेचं जे टोक पुढे हाताला लागतं, त्याच्या दोनेक सेंटिमीटर मागून काम सुरू करतात. कारण टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या भागाला संवेदना देणारी एक नस जाते. तिला धक्का लागला तर मांडी बधिर होते किंवा जळजळते. शिवाय टोकाला स्नायू ओढ देत असतात, अगदी टोकाशी हाड काढलं तर टोकच तुटून येऊ शकतं. स्नायू कडेवरून सोडवतात. काही जण वरची कड पेटीच्या झाकणासारखी उघडतात, आतलं जाळीदार हाड गाऊज आणि क्युरेटने, म्हणजे खोलगट पटाशीने आणि धारदार चमच्याने काढतात, आणि झाकण परत बसवतात. जास्त हाड हवं असेल तर पाठीमागून काढतात, तिथे साठा मोठा आहे. तिथेही ढुंगणाच्या वरच्या त्वचेला जाणाऱ्या नसा सांभाळाव्या लागतात. थोडंसंच हवं असेल तर ट्रेफाइन नावाच्या पोकळ नळीने लहानशा छेदातून हाडाच्या कांड्या काढता येतात, कलिंगड पिकलंय का बघायला फोडीचा नमुना काढतात ना, तसं.

काढलेलं हाड कोरडं पडू द्यायचं नाही. दिव्याखाली ट्रेमध्ये उघडं ठेवलं तर पेशी मरतात. रुग्णाच्याच रक्तात भिजलेल्या कापडात गुंडाळून ठेवायचं आणि शक्य तितक्या लवकर फटीत भरायचं.

दुसऱ्या जखमेचा हिशोब

एवढं सगळं नीट केलं तरी एक गोष्ट उरतेच. माणूस आला होता पाय मोडला म्हणून, घरी जाताना त्याच्या अंगावर दोन जखमा असतात. पाय दुखायचा थांबतो आणि कंबर दुखत राहते, असं सांगणारे रुग्ण जगात सगळीकडे भेटतात. बराच काळ हे किरकोळ दुखणं समजलं गेलं. १९८९ साली यंगर आणि चॅपमन या अमेरिकन सर्जनांनी २३९ रुग्णांमधल्या २४३ कलमांच्या नोंदी तपासल्या. हाड काढलेल्या जागी मोठी गुंतागुंत ८.६ टक्के आणि लहानसहान त्रास २०.६ टक्के. म्हणजे साधारण दर बारा कलमांमागे एकाला बँकेतून पैसे काढण्याची मोठी किंमत मोजावी लागत होती.

तिथून पुढचा सगळा इतिहास ही दुसरी जखम लहान करायचा इतिहास आहे.

एक वाट मगजाची. मज्जेतून हाड तयार होऊ शकतं हे फ्रान्समध्ये गूजों यांनी १८६९ सालीच प्राण्यांवर दाखवलं होतं. शंभरहून जास्त वर्षांनी, १९८०च्या दशकात, अमेरिकेत जॉन कॉनोली यांनी कमरेतून सुईने मज्जा ओढून ती न जुळणाऱ्या नडगीत सोडायला सुरुवात केली. चिरा नाही, नुसतं सुईचं भोक. पण यातही खुबी आहे. एकाच जागेवरून भसाभसा ओढलं तर मज्जेपेक्षा रक्तच जास्त येतं. म्हणून दोनेक मिलिलिटर ओढायचं, सुई फिरवायची किंवा जागा बदलायची, परत थोडं ओढायचं. फ्रान्समधल्या फिलिप हर्निगू यांनी २००५ साली ६० रुग्णांचा अभ्यास मांडला. ५३ जणांची नडगी जुळली. ज्यांची जुळली नाही त्यांना दिलेल्या मज्जेत कामाच्या पेशीच कमी होत्या. मजूर कमी पडले की बांधकाम रखडतं, हे गवंड्याला सांगायला लागत नाही!

दुसरी वाट मांडीच्या हाडाची. मांडीच्या पोकळ हाडात रीमर फिरवून, पाणी सोडून, आतला जाळीदार चुरा पंपाने ओढून जाळीत गोळा करायचा. ही यंत्रणा या शतकात आली. हाड भरपूर मिळतं, पण रक्तही जातं आणि जास्त खरवडलं तर मांडीच मोडायची भीती.

तिसरी वाट दुसऱ्याच्या हाडाची. खुबा बदलताना काढलेला हाडाचा चेंडू एरवी टाकूनच देतात. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. तिथे अशी दान आलेली हाडं स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवली जातात. मॅक्युएन यांची जुनी कल्पनाच, पण आता नोंदी, तपासण्या आणि परवानगीसकट. अर्थात या हाडात मांडव असतो, मजूर नसतात.

पिंजरा

चौथी वाट आपल्याला परत मिरजेला आणते. सायबेरियातल्या कुर्गान गावी गाव्रिल इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर १९५०च्या दशकापासून वेगळंच काहीतरी करत होते. बाकीच्या जगाला पत्ता नव्हता. कार्लो माउरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचा पाय कित्येक वर्षं नीट जुळला नव्हता. तो १९८० साली कुर्गानला जाऊन बरा होऊन आला, तेव्हा इटलीच्या डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं आणि पुढच्याच वर्षी इलिझारोव्हना बोलावून घेतलं.

कल्पना अशी. फट भरायला कमरेतून हाड आणायचंच नाही. त्याच हाडाला फटीपासून लांब, निरोगी जागी बारीक काप द्यायचा आणि बाहेरून तारा व कड्यांचा पिंजरा बसवायचा. मग रोज एक मिलिमीटर, तेही पाव पाव मिलिमीटर असं चार वेळा, नट फिरवून तुकडा फटीकडे सरकवायचा. मागे जी जागा मोकळी होते तिथे शरीर स्वतःच नवं हाड विणत जातं.

ही पद्धत भारतात रुजवणाऱ्या सुरुवातीच्या सर्जनांमध्ये मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचं नाव येतं. मिरजेतलं त्यांचं स्वास्थ्ययोग प्रतिष्ठान हे अस्थिरोगाचं हॉस्पिटल आणि त्यांनी संपादित केलेला अस्थिशास्त्राचा अनेक खंडांचा इंग्रजी ग्रंथ, दोन्ही देशभरच्या डॉक्टरांना माहीत आहेत. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं होतं. म्हणजे एका बाजूला शिकणारे विद्यार्थी आणि दुसऱ्या बाजूला खंबाटकी घाटापासून कराडपर्यंतचा महामार्ग, उसाच्या ट्रॉल्या आणि मोटरसायकली. मोडलेल्या पायांची इथे कधीच वाण नव्हती.

पिंजऱ्याने दुसरी जखम वाचते, पण फुकट काहीच मिळत नाही. एक सेंटिमीटर हाडासाठी साधारण महिना-दीड महिना पिंजरा अंगावर राहतो. पाच सेंटिमीटरची फट म्हणजे हिशोब तुम्हीच करा. तारेच्या भोकांतून पू येतो, रात्री कूस बदलता येत नाही, आणि तो पाना रोज चार वेळा फिरवायचा असतो घरच्यांनाच. कमरेचं हाड वाचलं, पण किंमत वेळेत मोजली. आणि बऱ्याचदा दोन्ही लागतात. सरकत आलेला तुकडा जिथे टेकतो तिथे जुळवायला कमरेतलं थोडं हाड घालावंच लागतं.

मग आपण काय करायचं?

तुमच्या घरात कधी असा प्रसंग आला, डॉक्टर म्हणाले, ‘बोन ग्राफ्ट करावं लागेल’, तर सहीच्या आधी शांतपणे एवढंच विचारा: हाड कुठून घेणार? किती? तिथे नंतर काय त्रास होऊ शकतो? दुसरा पर्याय असेल तर त्याला किती महिने आणि किती पैसे लागतील? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आपल्याकडे पेशंटचा काका सही करतो आणि पेशंटला शुद्धीवर आल्यावर कळतं की कंबरही कापली. हे बदलायला हवं.

आणि शेवटची गोष्ट, खास तुमच्या वयाच्या लोकांसाठी. तीच कमरेची कड, तीच सुई, पण हाड जोडण्यासाठी नाही तर रक्ताच्या कर्करोगासाठी. भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने केलं. इथे जखम रुग्णाला होतच नाही, ती होते दात्याला. म्हणजे ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसाला. म्हणूनच गावाकडे भीती पसरते: पाठीच्या कण्यातून काढतात, माणूस अधू होतो. तसं नाही. मज्जा कण्यातून नाही, कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, तीही भूल देऊन. काही दिवस कंबर ठणकते आणि काही आठवड्यांत शरीर ती भरून काढतं. आता तर बहुतेक वेळा तेवढंही लागत नाही. काही दिवस इंजेक्शनं घेऊन दंडातल्या रक्तातूनच त्या पेशी वेगळ्या करतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. भावंड जुळलं नाही तर बऱ्याचदा अनोळखी माणूस शोधावा लागतो, आणि तो सापडतो नोंदणी केलेल्यांच्या यादीत. नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला एक कापसाचा बोळा पुरतो.

नोंदणी करा असं मी म्हणणार नाही. माहिती घ्या, घरी बोला, मग ठरवा. फक्त ‘कण्यातून काढतात’ हे पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला उभं करा, कमरेवर हात ठेवायला सांगा आणि ती कड दाखवा.

भाग आवडला असेल तर ज्याच्या पायात रॉड आहे अशा मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, सावकाश चालवा!